मोहतळ्याची दोन झाडं आणि मातीचं बोट

मोहतळे गावच्या तळ्याला एकच बांध आहे आणि बांधाच्या दोन टोकांना दोन झाडं आहेत. खालच्या टोकाला कडुनिंब, वरच्या टोकाला अर्जुन. निंबाचं खोड काळपट, भेगाळलेलं. त्याच्या बुंध्याशी आळं नाही; उलट पाणी काढून द्यायला एक चर खणलाय आणि तो दरवर्षी साफ होतो. अर्जुनाचं खोड पांढुरकं, गुळगुळीत, आणि आळं एवढं खोल की त्यात वासरू बसावं. दोन्ही बुंध्यांशी मातीत बोटाएवढी भोकं दिसतात. पाहुणे हमखास विचारतात, ही कसली बिळं? मग गावातले म्हातारे महिपततात्या काठी टेकून सांगायला लागतात. तात्यांच्या सांगण्यात देवी स्वप्नात येते आणि सगळं ठीक होतं. गावातल्या बायकांच्या सांगण्यात देवी अगदी शेवटी येते, तीही पंचांची अब्रू झाकायला. ही बायकांकडची गोष्ट.

फार पूर्वी, म्हणे, या तळ्यात पाणी टिकतच नसे. पाऊस सरला की महिन्याभरात तळ उघडा. तेव्हा रायाजी पाटील आणि चार पंचांनी तळजाईला नवस बोलला: यंदा माघापर्यंत पाणी राहू दे, बांधाच्या दोन टोकांना दोन झाडं लावू आणि पोटच्या लेकरांसारखी सारखी जगवू. एक जरी मेलं तरी तुझं पाणी तू परत ने. नवस बोलणं सोपं असतं. घागरी दुसऱ्यानं वाहायच्या असल्या की आणखी सोपं.

पाणी राहिलं. माघी पुनवेला कमरेएवढी दोन रोपं लावली. पाणी घालायचं काम कोंडाजीच्या घराकडे आलं, कारण त्याचं शेत बांधाला लागून होतं. आणि कोंडाजीच्या घरात ते गिरजेकडे आलं, कारण ती नवी सून होती.

गिरजा पानमळ्यात वाढलेली. तिच्या माहेरी पाणी सोडण्याआधी वेलाच्या मुळाशी बोट घालून बघायची रीत होती. दोन पेरं ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. इथं तिनं आठव्या दिवशी दोन्हीकडे बोट घातलं. निंबापाशी काळी चिकण माती, त्यात बांधाखालून पाझर; बोट लोण्यात जावं तसं आत गेलं आणि बाहेर आलं ते कुजका वास घेऊन. अर्जुनापाशी मुरूम, तिथं सकाळी घातलेल्या पाण्याचा दुपारी मागमूस नव्हता. तिनं सासऱ्याला सांगितलं की मामंजी, निंबाला पाणी कमी करायला हवं आणि अर्जुनाला वाढवायला हवं. कोंडाजीनं ते पंचांच्या कानावर घातलं. पंच हसले. परवा आलेली पोर आपल्याला झाडं शिकवणार, असं कोणीतरी म्हणालं. शब्द देवीपुढे दिलेला होता आणि शब्द होता 'सारखी'. म्हणून नऊ घागरी ह्याला, नऊ त्याला. मोजायला एक पंच रोज सावलीत खडे घेऊन बसायचा. एवढं एक काम मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही.

चैत्र लागला. निंबाची पानं पिवळी पडून गळायला लागली. अर्जुनाची कडेनं करपून वळली. पंचांनी दोन्ही झाडं लांबून पाहिली, मान हलवली आणि ठरवलं की पोरगी घागरी अर्ध्या भरते. मग नवाच्या बारा झाल्या. गिरजेच्या डोक्यावर चुंबळीचा वण उठला. निंबाचा शेंडा मान टाकू लागला. बांधाखाली ज्यांची शेतं होती ती माणसं तिच्याकडे बघून थुंकायला लागली, कारण झाड मेलं तर पाणी जाणार होतं.

शेवटी पंच बसले. वैशाखातल्या अखितीपर्यंत दोन्ही झाडांना नवी पालवी दिसली नाही, तर कोंडाजीचं घर गावाबाहेर आणि शेत देवीच्या नावावर, असा निवाडा झाला. कोंडाजी नुसता हात जोडून उभा राहिला. घरी आल्यावर तो म्हणे सुनेवर ओरडला. बाहेर न निघालेला आवाज अशा माणसांना घरात बरोबर सापडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा घागर घेऊन बांधावर गेली आणि तिनं ती पालथी घातली. मग त्या घागरीशेजारी बसून राहिली. खडे मोजणारा पंच पळत जाऊन पाटलाला घेऊन आला. मागून बाकीचे तीन आले, अर्धं गाव आलं.

"पाणी कोण घालणार?" पाटलानं विचारलं.

"मी न्हाई घालणार," गिरजा पदर सारखा करून म्हणाली. "मी घातलं की ते अर्धं असतं. तुम्ही घाला, म्हणजे पुरं होईल."

एवढ्या माणसांत मागं हटणं पाटलाला जमेना. त्यानं धोतर खोचलं, घागर भरली आणि निंबाकडे निघाला. पाटलाच्या डोक्यावर घागर गावानं पहिल्यांदाच पाहिली. निंबाच्या आळ्यात त्यानं पाय टाकला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. काढायला दुसरा टाकला, तोही गेला. घागर कलंडली, पाटील हातांवर आला. पंचांनी त्याला ओढून काढला तेव्हा एक जोडा आतच राहिला होता आणि अंगाला असा वास येत होता की ओढणाऱ्यांनीच तोंडं फिरवली. हसायला कोणी धजेना. मग एक म्हातारी हसली आणि सगळा बांध हसला.

गिरजा तेवढी हसली नाही. तिचं घर अजून त्या चिखलातच होतं.

"पाटील, आता पलीकडच्या आळ्यात तोच पाय रोवून दाखवा," ती म्हणाली.

पाटील गेला. एका पायात जोडा, एक पाय चिखलाचा. अर्जुनाच्या आळ्यात त्यानं टाच मारली. ठण्ण आवाज झाला. चारही पंच खाली बघत राहिले.

"ह्याला बुडवताय आन् त्याला तहानेनं मारताय," गिरजा म्हणाली. "सारखंच करताय, एवढं खरं. पण नवस झाडं जगवायचा होता, घागरी मोजायचा न्हाई."

त्याच दिवशी निंबाचं आळं फोडलं, चर खणला, बुंध्याची माती मोकळी केली. त्याला पंधरा दिवसांनी एक घागर, तीही बोट कोरडं निघालं तरच. अर्जुनाचं आळं हातभर खोल केलं, पाचोळ्यानं झाकलं आणि रोज सांज उतरताना अठरा घागरी. त्या घागरी पंचांनी वाहिल्या. ही गिरजेची अट होती. अखितीच्या सकाळी निंबाला तांबूस पालवी फुटली होती आणि अर्जुनाच्या करपल्या फांदीवर दोन हिरवे डोळे दिसत होते. निवाडा मागं घेतला गेला. आपली चूक झाली असं मात्र पाचांतला एकही म्हणाला नाही. देवीनं पाटलाला चिखलात दृष्टान्त दिला, असं त्यांनी ठरवलं. गिरजेनं ते चालू दिलं. तिनं एकच मागून घेतलं: इथून पुढं या गावात जो निवाडा सांगेल, त्यानं आधी दोन्ही झाडांच्या मातीत बोट घालावं. बोट स्वच्छ असलं तर तोंड बंद.

पुढं अर्जुनाची मुळं तळ्यापर्यंत पोचली आणि त्याच्या घागरी सुटल्या. त्याची साल पापुद्र्यांनी गळते तेव्हा आता कोणी रोग म्हणत नाही, आणि निंब फाल्गुनात उघडाबोडका होतो तेव्हा कोणी घागर घेऊन धावत नाही. चैत्रात निंब घमघमतो, तळं भरलेलं असतं, आणि गुरं अर्जुनाखाली निवांत रवंथ करत असतात.

आजही मोहतळ्यात सभा या निंबाखालीच भरते. इस्त्रीच्या कपड्यातला सरपंचसुद्धा आधी वाकतो, दोन्ही टोकांना जाऊन येतो आणि मग बोलतो. पाहुण्यांपुढं तात्यांचं सांगणं रंगात येतं, देवी स्वप्नात येऊन बोलायला लागते, तेवढ्यात तळ्यावर धुणं धुणारी कोणीतरी मान वर न करता विचारते, "तात्या, बोट बघू?"

तात्या पुटपुटतात, काठी पाहुण्याच्या हातात देतात आणि गुडघे धरत खाली वाकतात.