मोठा नंबर

सुगंधा वळवी दवाखान्याच्या मोटरसायकलवरून पाड्यापाड्यांवर औषधं पोचवायची. एकदा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष ठोसरसाहेब तपासणीला आले. ती गाडीत साधंच पेट्रोल भरते हे ऐकून ते कडाडले, "प्रीमियमचा ऑक्टेन नंबर मोठा, म्हणजे ताकद जास्त! एवढंही कळत नाही? उद्यापासून येऊ नकोस!"

गाडीच्या पुस्तकात साधंच पेट्रोल लिहिलं होतं, पण साहेबांपुढे ते उघडायची कोणाची छाती? सुगंधानं आपला जाड भिंगांचा चष्मा काढून पुढे धरला.

"साहेब, तुमच्या चष्म्याचा नंबर किती?"

"दीड. का?"

"माझा सात आहे. मोठा नंबर लावून बघा, जास्त दिसेल."

साहेबांनी तोऱ्यात चष्मा चढवला आणि पहिल्याच पावलाला टेबलावर आदळले. "अगं, सगळं धूसर दिसतंय!"

"ज्याला जो नंबर लागतो तोच लावावा, साहेब. गाडीचंही तसंच आहे."

बोलून गेली खरी, पण चष्म्याविना तिला साहेबांचा चेहराच दिसेना.

शेवटी ठोसरसाहेब खाकरले. "घे बाई तुझा चष्मा, आणि नीघ लवकर. पाड्यावर माणसं वाट बघत असतील."