निकमशेठचं कोटेशन

कराडच्या निकमशेठच्या दुकानातून स्वस्तातला कॉम्प्युटर घेऊन कुणी बाहेर पडलंय, असं सहसा घडत नसे. एके दिवशी तिथं इंदुमतीबाई तासगावकर आपल्या यजमानांना घेऊन आल्या. दोघंही सत्तरी ओलांडलेली. बाई तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या.

"लेकीनं छोटा मिनी कॉम्प्युटर घ्यायला सांगितलाय," बाई म्हणाल्या. "नातीशी व्हिडिओवर बोलायचं, लाइटबिल भरायचं आणि यांना कीर्तनं ऐकायची, बस्स."

शेठ हसले. "आजी, ती डबी म्हणजे खेळणं! दोन कामं सांगितली की धाप लागते तिला. हा घ्या." त्यांनी एका भल्यामोठ्या खोक्यावर थाप मारली.

किंमत ऐकून यजमानांचं तोंड उतरलं. हंपीच्या सहलीचे पैसे यातच जाणार होते.

बाई मात्र शांत. "कोटेशन द्या. कागदाशिवाय मी पुढं सरकत नाही."

शेठ खुशीत काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर बसले. त्याच्यावर जुनी गाणी चालू होती, ती तशीच ठेवून त्यांनी मिनिटात कोटेशन छापलं. बाईंनी ते चष्मा लावून वाचलं आणि वाकून त्या कॉम्प्युटरच्या पडद्यामागं पाहिलं. तिथं तळहातावर मावेल एवढी, मिनी कॉम्प्युटरची काळी डबी चिकटवलेली होती.

"शेठ, गाणी म्हणत म्हणत हिनंच कोटेशन काढलं की! धाप कुठं लागली?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसू लागली. बाईंनी कागद पुढं सरकवला. "मोठ्याचं नाव आणि किंमत खोडा, हिची लिहा. खाली लिहा, 'आम्ही स्वतः हीच वापरतो,' आणि सही करा."

शेठनी खाडाखोड करून सही केली.

"शिक्कापण मारा," यजमान म्हणाले.