मावळतीच्या खोऱ्याची हाक

त्या राज्यात सकाळ एकाच ठिकाणाहून होत असे. उगवतीच्या गडावरचा कोंबडा आरवला की साऱ्या प्रजेने उठायचे, असा नियम होता. पण मावळतीच्या खोऱ्यासमोर डोंगर आडवा होता. तिथे ऊन फार उशिरा पोचे. हुकमापायी अंधारात चरायला निघालेली कोकरे दरीत कोसळत. त्यातूनच युद्ध पेटले आणि सात वर्षे चालले. जिवली साळुंकीचा जोडीदार त्यातच गेला.

अखेर तह झाला: ज्याने त्याने आपली सकाळ आपण सांगावी. खोऱ्याने ते काम जिवलीवर सोपवले. गडाचा म्हातारा दिवाण, बगळा, स्वतः आला आणि मान लववून म्हणाला, "बाई, उद्यापासून हाक तुमची."

"आणि चुकले तर?"

"आम्हीही चुकतच होतो. गडावरून ते दिसत नव्हतं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी लांबून बांग ऐकू आली. सवयीने सारे खोरे अंधारातच उभे राहिले.

"जिवलीताई, हाक दे ना!" मेंढ्या कळवळून म्हणाल्या. "उशीर झाला तर पुन्हा सैन्य येईल."

 चोचीशी आलेली हाक जिवलीने गिळली.

"निजा," ती म्हणाली. "आपली वेळ अजून झाली नाही."

कोणी हलेना. मग एक म्हातारी मेंढी गुडघे मोडून बसली, तिच्या कुशीत कोकरू शिरले, आणि हळूहळू सारे खोरे आडवे झाले. डोंगराच्या खांद्यावरून ऊन उतरले तेव्हाच जिवलीने हाक दिली. त्या दिवशी दरीत कोणी पडले नाही.

महिन्याभराने वरच्या कड्यावरचा बुलबुल आला. अवघडून म्हणाला, "ताई, आमच्याकडे ऊन तुमच्या आधी येतं. पिल्लं भुकेली होऊन तुमच्या हाकेची वाट बघत बसतात."

जिवलीची पिसे ताठ झाली. "ही हाक कशी मिळाली, ठाऊक आहे ना? माझा घरधनी गेला तिच्यापायी."

"ठाऊक आहे, ताई. माझा भाऊ त्यांच्या शेजारीच पडला."

तिची ताठ पिसे हळूहळू खाली बसली. मग एवढेच म्हणाली, "घसा जप. पहिल्या दिवशी फार कोरडा पडतो."

दुसऱ्या सकाळी कड्यावरून एक चिरकी, बिचकती हाक आली. खोऱ्यातली कोकरे कान टवकारून जिवलीकडे बघू लागली. तिने चोच पंखात खुपसली, आणि आपल्या उन्हाची वाट पाहत ती तशीच बसून राहिली.