मिचकी उंदरीण आणि वीतभर जोतं

एक होती उंदरीण. एवढीशी. तुमच्या मुठीत मावेल एवढी. तिचं नाव मिचकी.

मिचकी नदीकाठच्या बालवाडीत राहायची. बालवाडीच्या खोलीला होतं दगडी जोतं. जोतं म्हणजे घराचा पाय. घर त्याच्यावर उभं राहतं. त्या जोत्यात होतं मिचकीचं बीळ. बिळात होता कापसाचा बिछाना. मऊ मऊ, ऊबदार. त्यात झोपायची मिचकीची तीन पिल्लं.

पण जोतं होतं बुटकं. फक्त वीतभर!

एक दिवस नदीला पूर आला. घळघळ घळघळ! पाणी अंगणात आलं. घळघळ घळघळ! पाणी बिळात शिरलं. मिचकीने एक पिल्लू तोंडात धरलं, वर फळीवर ठेवलं. दुसरं धरलं, फळीवर ठेवलं. तिसरं धरलं, फळीवर ठेवलं. पिल्लं वाचली.

आणि बिछाना? बिछाना गेला वाहून!

मुलांच्या पाट्या गेल्या. खिचडीचे तांदूळ गेले. पूर ओसरला, तेव्हा मिचकीने पिल्लं अंगणातल्या चिंचेच्या ढोलीत नेली. बरं झालं नेली. कारण मग ओल्या भिंती पडल्या. धप्प! धप्प!

चार दिवसांनी येसूमामा आले. येसूमामा गवंडी. घरं बांधणारे. ठक ठक, ठक ठक. नवी भिंत चढू लागली. मिचकी बघायला आली.

भिंत नवी. विटा नव्या. आणि जोतं? जोतं तेच! वीतभर!

मिचकीच्या मिशा थरथरल्या. शेपटी ताठ झाली.

"येसूमामा, येसूमामा! जोतं वाढवा!
माझा बिछाना गेला वाहून!"

येसूमामा म्हणाले, "मी नाही वाढवणार. दगड कुठायत? अंतूकाका दगड देतील, तर मी जोतं वाढवीन."

"पूर येतो हे ठाऊक आहे, तरी वीतभर? हा कुठला न्याय?" मिचकी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

अंतूकाका मुकादम. कामावर नजर ठेवणारे. दगडांच्या ढिगावर बसून चहा पीत होते. सुर्र सुर्र.

"अंतूकाका, अंतूकाका! दगड द्या!
येसूमामा जोतं वाढवीनात,
माझा बिछाना गेला वाहून!"

अंतूकाका म्हणाले, "मी नाही देणार. कागदावर लिहिलंय वीतभर. शर्वरीताई नवा आकडा लिहितील, तर मी दगड देईन."

"दगडांवर बसता आणि दगड देत नाही? हा कुठला न्याय?" मिचकी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शर्वरीताई इंजिनीअर. घर केवढं, दार केवढं, ते सगळं त्या ठरवायच्या. टेबलावर मोठा कागद. कागदावर पेन्सिल. सर्र सर्र.

"शर्वरीताई, शर्वरीताई! आकडा लिहा!
अंतूकाका दगड देईनात,
येसूमामा जोतं वाढवीनात,
माझा बिछाना गेला वाहून!"

शर्वरीताई म्हणाल्या, "मी नाही लिहिणार. पाणी कुठवर चढतं, मला काय माहीत? मी शहरातली. हौसाबाई उंची सांगतील, तर मी आकडा लिहीन."

"नदी पाहिली नाही, आणि नदीकाठी घर काढलं? हा कुठला न्याय?" मिचकी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

हौसाबाई गावच्या सरपंच. गावाचं काम बघणाऱ्या. कागदांवर शिक्के मारत होत्या. ठप्प ठप्प.

"हौसाबाई, हौसाबाई! उंची सांगा!
शर्वरीताई आकडा लिहीनात,
अंतूकाका दगड देईनात,
येसूमामा जोतं वाढवीनात,
माझा बिछाना गेला वाहून!"

हौसाबाई म्हणाल्या, "मी नाही सांगणार. अंदाजाने कशी सांगू? जुन्या माणसांनी चिंचेवर खूण कोरली होती. सगळ्यात मोठ्या पुराची. चिंच खूण दाखवील, तर मी उंची सांगीन."

"खूण आहे हे ठाऊक, आणि बघायला कुणी जात नाही? हा कुठला न्याय?" मिचकी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चिंच बालवाडीच्या अंगणात उभी होती. पानं हलवत होती. सळसळ सळसळ.

"चिंचबाई, चिंचबाई! खूण दाखव!
हौसाबाई उंची सांगेनात,
शर्वरीताई आकडा लिहीनात,
अंतूकाका दगड देईनात,
येसूमामा जोतं वाढवीनात,
माझा बिछाना गेला वाहून!"

चिंच म्हणाली, "मी नाही दाखवणार. बघ तरी माझ्याकडे. खोडावर केवढी वेल चढलीय! शेळी वेल खाईल, तर मी खूण दाखवीन."

"इतकी वेल वाढली, आणि कुणाला दिसली नाही? हा कुठला न्याय?" मिचकी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेळी कुंपणाजवळ खुंटीला बांधलेली होती. ओरडत होती. बें बें, बें बें.

"शेळीताई, शेळीताई! वेल खा!
चिंच खूण दाखवीना,
हौसाबाई उंची सांगेनात,
शर्वरीताई आकडा लिहीनात,
अंतूकाका दगड देईनात,
येसूमामा जोतं वाढवीनात,
माझा बिछाना गेला वाहून!"

शेळी म्हणाली, "मी नाही खाणार. वेल तिकडे, मी इकडे. दोरी ही अशी तोकडी! कुणी दोरी तोडील, तर मी वेल खाईन."

मिचकीने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. लांबून आवाज येत होता. ठक ठक, ठक ठक. येसूमामांची भिंत चढत होती. वीतभर जोत्यावर!

आता मात्र मिचकीच्या नाकाचा शेंडा लालेलाल झाला.

"हा म्हणतो तो करील. तो म्हणतो ती करील. आणि पूर आला की बुडायचं कुणी? माझ्या पिल्लांनी! बालवाडीच्या पोरांनी! थांबा. कुणी नाही तर मी आहे. मला दात आहेत!"

मिचकी दोरीवर चढली. कुरूम कुरूम. कुरूम कुरूम. दात दुखले. कुरूम कुरूम. दोरी तुटली. तट्ट!

शेळी सुटली. टपटप टपटप धावली. वेल खाल्ली. मचक मचक, मचक मचक.

चिंच म्हणाली, "ही बघा खूण!" खोडावर होती एक रेघ. खोल कोरलेली.

मिचकी तुरुतुरु गेली. हौसाबाईंचा पदर दातांत धरला आणि ओढला. "अगं, अगं, येते!" पुढे मिचकी, मागे हौसाबाई. हौसाबाई चिंचेला टेकून उभ्या राहिल्या. रेघ कुठे आली? कमरेच्याही वर!

"अगंबाई!" हौसाबाई म्हणाल्या. "कमरेच्या वर पाणी! आणि आपण पोरं बसवतोय वीतभर जोत्यावर?" हौसाबाईंनी उंची सांगितली.

शर्वरीताई आल्या. त्यांनी टेप लावला. मग स्वतःवरच रागावल्या. "हे मी आधीच बघायला हवं होतं. आणि नुसतं रेघेएवढं नाही पुरायचं. रेघेच्या वर आणखी दोन वीत!" शर्वरीताईंनी आकडा लिहिला.

अंतूकाका ढिगावरून उठले. अंतूकाकांनी दगड दिले. गडगड गडगड!

येसूमामांनी चढवलेली भिंत खाली उतरवली. एक एक वीट. मग जोतं वाढवलं. दगडावर दगड, दगडावर दगड. वर भिंती. वर पत्रा. पुढे पायऱ्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ!

अगदी वर, आठव्या पायरीशेजारी, येसूमामांनी एक भोक ठेवलं. एवढंसं. मिचकीपुरतं.

मिचकी आत गेली. बाहेर आली. म्हणाली, "आणि माझा बिछाना?"

येसूमामा म्हणाले, "तो तर गेला वाहून."

"कुणामुळे?"

येसूमामांनी अंतूकाकांकडे पाहिलं. अंतूकाकांनी शर्वरीताईंकडे पाहिलं. शर्वरीताईंनी हौसाबाईंकडे पाहिलं. हौसाबाई उठल्या. घरी गेल्या. स्वतःची उशी आणली आणि उसवली. टर्रर्र! त्यातून निघाला कापूस. पांढरा पांढरा, ढीगभर. मिचकीने तो सगळाच्या सगळा नेला. एक बोंडभरसुद्धा मागे ठेवला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा पूर आला. घळघळ घळघळ! सगळं गाव बालवाडीत येऊन बसलं. पाणी आलं. एक पायरी चढलं. दुसरी चढलं. तिसरी चढलं. चौथी चढलं. पाचवी चढलं. सगळ्यांनी श्वास रोखला.

पाणी सहावीला टेकलं. आणि थांबलं.

खोली कोरडी! पाट्या कोरड्या! तांदूळ कोरडे! मुलांनी टाळ्या वाजवल्या. चट चट चट!

अंतूकाका भिजून आले होते. कुडकुडत होते. भोकाजवळच्या कोपऱ्यात बसले. म्हणाले, "मिचके, सरक गं जरा."

"सरकते," मिचकी म्हणाली. "पण आधी सांगा. तुम्ही इथे का? तुमच्या घरात पाणी शिरलं?"

"शिरलं ना."

"तुमच्या घराचं जोतं केवढं?"

अंतूकाकांनी मान खाली घातली. हळूच म्हणाले, "वीतभर."

"वीतभर!" मिचकी ओरडली. तिच्या मिशा थरथरल्या. शेपटी ताठ झाली. सगळं गाव अंतूकाकांकडे बघू लागलं.

मग पूर ओसरला. पाणी गेलं नदीला. पिल्लं गेली गादीला. आणि अंतूकाका? अंतूकाका गेले दगड आणायला!