हौशाची देखणी गंजी

दोष सगळा हौशा बैलाचा होता. वयाने मोठा म्हणून कुणी बोललं नाही, मी बोलतो. जनावरं आपली वैरण आपणच रचायची, त्या काळातली ही गोष्ट.

ज्वारीचा कडबा वाळला, गंजी लावायची वेळ आली. पेंढ्यांचे टणक बुडखे बाहेर आणि पानं आत ठेवायची, म्हणजे ऊन-पाऊस बुडखे सोसतात आणि पानं गोड राहतात. पण हौशा म्हणाला, "पानं बाहेर ठेवा. वाटेवरच्यांना गंजी कशी झोकदार दिसली पाहिजे!"

गाभण घोडी शेवंती म्हणाली, "हौशाआजा, वाटेवरच्यांना नाही, मला खायचंय. उन्हाळ्यात शिंगरू होणार आहे."

"कालची पोर तू! मी किती गंज्या पाहिल्यात, माहितेय?"

"पाहिल्यात हो. रचली एक तरी?"

सगळा गोठा हसला. हौशाने रागाने आपल्या वाटच्या पेंढ्या वेगळ्या काढल्या आणि पानं बाहेर ठेवून गंजी उभारली. ती खरंच देखणी होती. वाटेवरच्या शेळ्यांनाही आवडली. त्यांनी पानं ओरबाडली, उरलेली अवकाळीने काळी पडली.

उन्हाळ्यात शेवंतीची बुडखे बाहेर ठेवून रचलेली ओबडधोबड गंजी उघडली, तर आतून ताज्या कडब्याचा वास सुटला. शिंगराला पोटभर दूध मिळालं, गोठा खुशीत होता. शेवंतीने हौशापुढेही एक पेंढी टाकली.

"मोठ्यांनी लहानांचं खायचं नसतं," म्हणत त्याने तोंड फिरवलं.

उन्हाळाभर त्याने बुडखेच चावले. त्यात त्याचे वरचे पुढचे दात गेले, ते बैलांना आजही नाहीत.