महाराजांच्या पानाला कावळा शिवेना

"घटस्थापनेला बागेत गुलाबाची कलमं लागली पाहिजेत. एका जरी कलमाचं मूळ हुमणीनं खाल्लं, तर सुभान माळ्याला वेशीबाहेर काढा!" हंबीरसेन महाराजांनी फर्मावलं. मग त्यांना आपलं चातुर्मासाचं व्रत आठवलं. "आणि हो, आवारात कुणी जीवहत्या करायची नाही. जो साधी मुंगी मारील, तोही वेशीबाहेर."

म्हणजे सुभानची हकालपट्टी दोन्हीकडून पक्की. बागेच्या मातीत हुमणीच्या बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. गेल्या वर्षीची कलमं त्यांनीच फस्त केली होती. महाराजांना पुण्यही हवं होतं आणि गुलाबही. हुमणीची समजूत घालायचं काम तेवढं माळ्याकडे होतं.

सुभान घरी येऊन गाठोडं बांधायला लागला. त्याची सून भागू भाकरी थापत होती. बागेच्या कडेचं हे पिढ्यानपिढ्यांचं घर सोडायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

"मामंजी, पितृपक्ष चाललाय. थोरल्या महाराजांची तिथी कधी?"

"उद्या. तुला राजाच्या बापाच्या श्राद्धाचं काय पडलंय?"

"गाठोडं सोडा आणि उद्या बागेत नांगर धरा. बाकीचं माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी राजवाड्याच्या गच्चीवर वडिलांच्या नावानं पान वाढलं गेलं. खीर, वडे, कढी, सगळं साग्रसंगीत. कावळा शिवल्याखेरीज कुणाला जेवता येईना, आणि कावळा तर औषधालाही दिसेना. भटजी ओरडून थकले. मग महाराज स्वतः हात जोडून "काव काव" करू लागले. "आबासाहेब, तुमची काही इच्छा राहिली असेल तर पुरी करतो," असं म्हणत त्यांनी एक देऊळ कबूल केलं, मग एक तळं. पोटातली भूक वाढली तसा त्यांनी घाटही कबूल केला. तरी कुणी फिरकेना.

तेवढ्यात मागच्या बागेतून काव काव ऐकू आली. महाराज तरातरा खाली उतरले, मागोमाग त्यांचे म्हातारे दिवाणजी.

सुभान नांगर हाकत होता. मातीत नांगराचं तासामागून तास पडत होतं, ढेकळं उलटत होती आणि गावातले झाडून सगळे कावळे नांगरामागून चालत हुमणी मटकावत होते.

"सुभान! व्रतात जीवहत्या?" महाराज कडाडले. "ह्याला आत्ताच्या आत्ता वेशीबाहेर घाला!"

सुभाननं बैल थांबवले. बांधावर उभी असलेली भागू पुढं झाली.

"हळू बोला सरकार. थोरले महाराज जेवतायत."

"काय?"

"आज त्यांची तिथी न्हाई का? आले असतील तर ह्यातच कुठंतरी असतील. तो जाडा, दुसऱ्याच्या चोचीतलं ओढतोय तो, तोच असावा बघा."

दिवाणजींनी चटकन मान खाली घातली. थोरल्या महाराजांची पंगतीतली सवय त्यांनी जवळून पाहिली होती.

"पण माती तुम्ही उकरलीत! अळ्या मेल्या त्या तुमच्यामुळं!" महाराज अजून हट्टाला पेटलेले.

"अळ्या खाल्ल्या त्यांनी. शिक्षा करायची तर आपले आबासाहेब त्यातले कोणते ते ओळखून त्यांना वेशीबाहेर काढा. आम्ही मारलं कुणाला, सरकार? गच्चीवर तुम्ही पान वाढलंत, हितं आम्ही वाढलं. त्यांना आमचं आवडलं."

महाराज त्या जाड्या कावळ्याकडे बघत राहिले. त्यानं शेजारच्याला टोच मारून आणखी एक अळी लांबवली. महाराजांना हसू फुटलं ते आवरेना. बांधावर बसून पोट धरून हसले.

"हुबेहूब आबासाहेब! सुभान, तुझं घर तुझं, बागही तुझ्याच हाती. दर पितृपक्षात इथं कलमांच्या ओळींमधून नांगर फिरलाच पाहिजे. आणि पोरी, तुला काय हवं ते माग."

"गच्चीवरचे वडे गार व्हायला लागलेत," भागू म्हणाली. "तेवढे हिकडं पाठवा."