चंडोलाचं घरटं

“...मग चंडोल गेला कसा, बुवा?”

नरहर माळाच्या तारेच्या कुंपणाआत उभा होता. बुवा तारेच्या बाहेर, लिंबाखालच्या ओट्यावर बसले होते. मी चहा गाळत होतो.

बुवांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

“डोळ्यांत तेल घालून राखण केली मी,” नरहर म्हणाला. “मेंढरं नाहीत, गुरं नाहीत, गवत कापणाऱ्या बाया नाहीत, पतंगवाली पोरं नाहीत. माणसाचं पाऊल पडू दिलं नाही. तुमची झोपडीसुद्धा...”

“बाहेर काढलीस,” बुवा म्हणाले. “बरं झालं. इथं सावली आहे.”

नरहर म्हणजे काय चीज आहे, ते आधी सांगतो. शब्दाचा पक्का. नको तेवढा पक्का. शहर वाढत वाढत आमच्या या चुनखडीच्या पांढऱ्या माळाला येऊन भिडलं, तेव्हा यानंच कचेऱ्यांचे उंबरे झिजवून माळ राखीव करून घेतला. चंडोलासाठी. हा पक्षी उघड्या जमिनीवर घरटं करतो आणि गात गात सरळ आभाळात चढतो. आमच्या भागात या माळाशिवाय त्याला दुसरी जागा उरलेली नाही.

बुवा तेव्हा एवढंच म्हणाले होते, “नरहर, माळ सांभाळ.”

झालं! पठ्ठ्यानं माळाला तारेचं कुंपण घातलं आणि फाटकाला हे भलं मोठं कुलूप ठोकलं. गुरूची झोपडीसुद्धा यानं बाहेर हलवली. नियम म्हणजे नियम.

त्याला तीन पावसाळे झाले. आणि आता माळावर गवत कंबरेला लागत होतं, बुडाशी कुजत होतं. त्यातून घाणेरी आणि वेडी बाभूळ माजली होती. चंडोल मात्र औषधालाही नव्हता.

आदल्या दिवशी साहेब लोक येऊन पाहून गेले. “ही तर पडीक जागा,” म्हणाले. येत्या वैशाखापर्यंत चंडोल दिसला नाही, तर माळ राखीव राहणार नाही. मग तिथं इमारती उठणार.

“माझ्या हातून माळ चाललाय, बुवा.” नरहरचा आवाज फुटला. “काय चुकलं ते सांगा. उपास सांगा, करतो. फाटकात आडवा पडतो. पण माळ जाऊ देणार नाही.”

“ते घरटं आण.”

नरहर चपापला. शेवटच्या चंडोलाचं रिकामं घरटं त्यानं खालच्या मातीच्या ढेकळासकट उचलून काचेच्या पेटीत ठेवलं होतं. रोज त्याला फूल वाहायचा. खोटं नाही सांगत, मी डोळ्यांनी पाहिलंय.

पेटी घेऊन तो पहिल्यांदाच तारेबाहेर येऊन बुवांसमोर बसला.

“काढ बाहेर.”

“मोडेल, बुवा.”

“मोडू दे.”

नरहरनं ते जपून काढलं. बुवांनी घरट्यात बोट घातलं आणि गवताच्या काड्यांमधून एक पुंजका ओढून काढला. काळा, मऊ.

“हे काय?”

नरहरनं तो चिमटीत धरला. वास घेतला.

“...लोकर.”

“कोणाची?”

आमच्याकडच्या मेंढ्या काळ्या असतात. हे काय नरहरला कुणी सांगायला हवं होतं?

बुवांनी घरटं ढेकळावरून अलगद उचलून बाजूला ठेवलं. खाली पांढऱ्या मातीत एक खळगा होता. दोन फाकांचा. वाळून दगडासारखा झालेला.

नरहरनं त्यात बोट फिरवून पाहिलं.

“खूर,” तो म्हणाला. “मेंढीचा.”

बुवांनी मान हलवली.

“मग... इतकी वर्षं मी राखलं काय?”

“तार.”

मला बुवांचा राग आला. खरंच आला. म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं, तर आधी का नाही सांगितलंत?”

“त्यानं विचारलं आज,” बुवा म्हणाले, आणि बशी माझ्यापुढे केली. “साखर कमी पडलीय.”

नरहर उठला. मेंढरं कुठून आणायची, हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. म्हणूनच त्याचे पाय उचलत नव्हते.

कुंपण नवं होतं, तेव्हा म्हाकू धनगराची मेंढरं तारेखालून आत शिरली होती. पिढ्यान्‌पिढ्या चरत आलेली मेंढरं, त्यांना काय कळतंय कुंपण! नरहरनं ती हाकलून कोंडवाड्यात घातली. रणरणतं ऊन होतं. सोडवून आणेपर्यंत त्यातलं एक कोकरू पाण्यावाचून गेलं.

“बुवा, तुम्ही शब्द टाकला तर म्हाकू ऐकेल.”

“कोकरू मी कोंडलं होतं?”

नरहरनं वहाणा पायांत सरकवल्या.

“मारलं तर मार खाईन,” तो म्हणाला. “पण रिकामा येणार नाही.”

मीही निघालो त्याच्यामागे. सोबत म्हणून नव्हे, तमाशा बघायला.

म्हाकूचा तळ अर्धवट इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला होता. मेंढरं प्लॅस्टिकच्या पिशव्या हुंगत फिरत होती. म्हाकू काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

“या सायेब,” तो म्हणाला. “हितं बी तार घालायची व्हय?”

नरहरनं हात जोडले. “दादा, मेंढरं माळावर घेऊन चला.”

“कोंडायला?”

“चरायला.”

म्हाकू हसला नाही.

“माझं कोकरू ध्यानात हाय का?”

“आहे.” नरहरची मान खाली गेली. “रोज असतं, दादा. मी चुकलो.”

म्हाकूनं काठीनं एक मेंढी दाखवली.

“ही त्याची आय. आन् ह्ये तिचं औंदाचं. पाय मुरगाळलाय, माळापातूर चालायचं न्हाई.” तो थांबला. “उचला.”

नरहरनं कोकरू छातीशी घेतलं. आयुष्यात कधी जनावराला हात लावला नव्हता बिचाऱ्यानं. वाटेत कोकरू त्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर मुतलं. मी तोंड फिरवून हसलो. नरहर तसाच चालत राहिला. डांबरी रस्त्यानं, मोटारींचे भोंगे ऐकत, तो पुढे आणि काळा कळप मागे, असे आम्ही माळापाशी आलो.

बुवा ओट्यावर तसेच बसले होते.

कुलूप गंजलं होतं. नरहरनं एका हातानं कोकरू सांभाळत किल्ली फिरवली. फिरेना. दात-ओठ खाऊन पुन्हा फिरवली. फाटक कुरकुरलं आणि उघडलं.

आणि नेमका तिथंच त्याचा पाय अडला.

समोर त्यानं वाढवलेलं गवत वाऱ्यावर हलत होतं. एवढी वर्षं त्याची काडी मोडू दिली नव्हती त्यानं. मागे मेंढरांची दाटी झाली. ती कोकराची आई पुढे घुसून त्याच्या गुडघ्याला धडका द्यायला लागली. मला वाटलं, आता हा फाटक लावून घेतो.

नरहरनं कोकरू घट्ट धरलं. डोळे पाण्यानं भरले होते, पण आवाज पक्का होता.

“मी आता मागे फिरणार नाही, बुवा. एवढंच सांगा... चंडोल येईल ना परत?”

बुवांनी मान वर केली.

“नरहर, तू फाटकात उभा आहेस.”